फिदेन्सिओचे जुने डबे

फिदेन्सिओ आरियागाच्या गाडीत बसून कुठं वेळेवर पोचलेला माणूस मी पाहिलेला नाही. लग्न असो, बारसं असो नाहीतर मयत, वाटेत एखाद्या शेताच्या कडेला गंजलेलं काहीतरी दिसायचं आणि त्याचा पाय ब्रेकवर जायचा.

एकदा जुलैच्या उन्हात आम्ही तिघं त्याच्या पुतणीच्या लग्नाला निघालो होतो. पुढं तो आणि मी, मागं त्याची बायको ओफेलिया, मांडीवर मक्याच्या पानांत उकडलेल्या तामालेचं भलंमोठं पातेलं घेऊन. मक्याच्या शेतात पत्र्याची एक जुनी टाकी कलंडून उभी होती. फिदेन्सिओ उतरला, कुंपणाच्या तारेपाशी गेला आणि मान तिरकी करून बघत राहिला.

"झालं," ओफेलिया म्हणाली. "वेर्न, आता नवरी म्हातारी होईस्तोवर आपला मुक्काम इथंच."

"अगं, पाच मिनिटं!" तो तिकडूनच ओरडला.

"माझ्याकडं कधी पाच मिनिटं असं टक लावून बघितलंस का रे म्हाताऱ्या?"

"तू अजून गंजली नाहीस!"

परत आला तो वही उघडूनच. "बघ वेर्न, बोल्टापाशी काळा, मग तपकिरी, मग नारिंगी, आणि शेवटाला कॉफीच्या डागासारखा. पाणी जिथं थबकतं तिथं ओघळ रुंद होतो. लोक आपले सगळीकडं एकच लाल रंग फासतात."

लग्नात आम्ही पोचलो तेव्हा केक कापून झाला होता.

विल्मोंटच्या मेन स्ट्रीटवर माझं छोट्या आगगाड्यांचं दुकान होतं. इंजिनं, डबे, रूळ, गोंद, रंग, असं सगळं. शहाऐंशी सालच्या पानगळीत फिदेन्सिओ पहिल्यांदा दुकानात आला. रेल्वेच्या यार्डातून निवृत्त होऊन त्याला तीन आठवडे झाले होते. बुटांच्या खोक्यातून त्यानं मालगाडीचा एक लाकडी डबा काढून काउंटरवर ठेवला. लांबीला वीतभरही नसेल. मी दचकलोच. फळ्या उन्हानं राखाडी पडलेल्या, खिळ्यांभोवती तेवढा रंग शिल्लक, दाराच्या कडीखाली गंजाचा ओघळ. कुणीतरी खरा डबा उचलून पाण्यात आटवला असावा असं वाटत होतं.

"हा कुठं मिळाला तुम्हाला?"

"तुमच्याच दुकानातला आहे. माझ्या जावयानं घेतला होता. मी फक्त त्याला थोडं ऊन-पाऊस दाखवलं." मग म्हणाला, "तुमच्याकडचा सगळ्यात बारीक ब्रश द्या."

नाव विचारलं तर म्हणाला, "यार्डात फायडो म्हणतात."

"अहो, ते कुत्र्याचं नाव झालं."

"ते मला एकेचाळीस वर्षं माहीत आहे," तो शांतपणे म्हणाला. "नाव फिदेन्सिओ."

त्या दिवसापासून आमची मैत्री. मी त्याला आमच्या मंडळात नेलं. जुन्या माल-कचेरीच्या माडीवर आम्ही बाराजणांनी मिळून मोठी छोटी रेल्वे मांडली होती, एकाला सत्त्याऐंशी या मापात. सगळ्यांच्या गाड्या कशा लख्ख. आमचा अध्यक्ष ऑर्विल टॅप हा औषधवाला, तो तर आपली इंजिनं हातमोजे घालून उचलायचा. फिदेन्सिओचा डबा बघून तो म्हणाला, "हा माझ्या गाडीला जोडू नका बाबा. माझ्या इंजिनाला खोकला होईल."

"ऑर्विल, मी जन्मभर डबे दुरुस्त केले," फिदेन्सिओ म्हणाला. "चकचकीत डबा दोनदा बघितला. दोन्ही वेळा मोठे साहेब फोटो काढायला आले होते."

सगळे हसले. पण वर्षभरात त्यातले निम्मे त्याच्याकडं शिकायला बसू लागले. तो सांगायचा, धूळ खालून वर चढते, गुडघ्याएवढी. डबा कितीही मळका असला तरी आकड्यांपुरती जागा स्वच्छ असते, कारण नंबर वाचायला कुणीतरी बाहीनं पुसतं. पांढऱ्या अक्षरांखालचं लाकूड टिकतं आणि भोवतालचं झिजतं, म्हणून रंग गेला तरी अक्षरं हाताला लागतात. तो आपल्याबरोबर खरी फळी आणायचा, खरा बोल्ट, कडी, बाटलीत खरवडलेला गंज. ते समोर ठेवल्याशिवाय ब्रशला हात लावायचा नाही. "मनानं केलेला गंज खोटा दिसतो," असं तो म्हणायचा.

दर रविवारी चर्च आटोपलं की आम्ही दोघं जुने डबे शोधायला निघायचो. आमच्या भागात शेतकऱ्यांनी रेल्वेचे मोडीत काढलेले लाकडी डबे नेऊन शेतात ठेवले आहेत, चाकं काढून. कुणी त्यात मका भरतं, कुणी अवजारं ठेवतं, कुणी डुकरं पाळतं. फिदेन्सिओ परवानगी मागायचा, माप घ्यायचा, भेगा काढून घ्यायचा. निदान मला तरी वाटायचं की आम्ही त्याचसाठी जातो. सतराव्या की अठराव्या डब्यापाशी माझ्या ध्यानात आलं की हा माणूस आधी बाहेरून बघतच नाही. तडक आत शिरतो, भिंतीपाशी खाली वाकतो, छताकडं बघतो, आणि मग एकदम सैल पडून बाहेर येतो.

रस्त्याकडेच्या खाणावळीत बसल्यावर मी विचारलं, "तू नक्की काय शोधतोयस?"

त्यानं प्लेट बाजूला सारली. "माझं घर."

विल्मोंट यार्डाच्या पूर्वेला, कोळशाच्या ढिगांपलीकडं, पूर्वी मेक्सिकन रूळकामगारांची वस्ती होती. मला ती ठाऊक होती. आमच्या घरून त्या बाजूला जायची बंदी होती. आम्ही पोरं लांबून धूर बघायचो आणि नाकं मुरडायचो, हे मी त्याला तेव्हा सांगितलं नाही. रेल्वेनं तिथं बारा जुने डबे जमिनीवर ठेवून दिले होते, एका कुटुंबाला एक. फिदेन्सिओचा बाप आन्सेल्मो मेक्सिकोतल्या ग्वानाख्वातोहून रूळ टाकायला आला होता. त्या डब्यातच फिदेन्सिओ जन्मला आणि तो आठ वर्षांचा असताना त्याच डब्यात, फेब्रुवारीच्या थंडीत, त्याची आई गेली. पुढं दोन वर्षांनी उन्हाळ्यात ही माणसं बीटच्या शेतांवर मजुरीला मिनेसोटाला गेली. परत येऊन बघतात तर वस्ती नाही. जमिनीवर बारा चौकोन, गवत न उगवलेले. डबे शेतकऱ्यांना विकून टाकले होते.

"आईचा एकही फोटो नाही," तो म्हणाला. "चेहरा आठवत नाही, वेर्न. मी खूप प्रयत्न केला. भिंत आठवते. माझी खाट भिंतीला होती ना. स्टेशन रंगवून उरलेला हिरवा रंग बाबांनी आणला होता. आईनं त्यात चुना कालवला आणि आतून सगळं स्वतः रंगवलं. कोवळ्या मटारसारखा रंग. आणि बाबांनी एक खिडकी कापली होती, अगदी खाली. बसून तोर्तिया लाटताना तिला बाहेरचं दिसावं म्हणून. तेवढं सापडलं तर—" त्यानं प्लेट परत पुढं ओढली.

त्यानंतर मी त्याला कधी उशीर झाला म्हणून बोललो नाही.

नव्वद सालच्या एप्रिलमध्ये मर्ल स्टकी नावाच्या शेतकऱ्याकडं आम्ही पोचलो. त्याच्या कोठारामागं कोंबड्यांचं खुराडं होतं, आणि ते खुराडं म्हणजे एक डबा होता. आत चुन्याचे थरांवर थर. फिदेन्सिओ कोंबड्यांमधून वाट काढत आत गेला. पूर्वेच्या भिंतीत, माझ्या गुडघ्याच्या थोडं वर, चार फळ्या आडव्या ठोकून एक भोक बुजवलेलं होतं. छतात चुलीच्या नळीचं भोक, त्यावर डुकराच्या चरबीच्या डब्याचा पत्रा ठोकलेला.

त्यानं खिशातली सुरी काढली आणि मर्लकडं बघितलं.

"खरवडा की," मर्ल म्हणाला. "कोंबड्या काही कुणाला सांगायच्या नाहीत."

पांढरा. परत पांढरा. पिवळट पांढरा. आणि मग नखाएवढा हिरवा.

फिदेन्सिओ तिथंच घाणीत गुडघ्यांवर बसला. त्यानं तो हिरवा तुकडा अंगठ्यानं पुसला, पुन्हा पुसला. मर्ल टोपी काढून दारात उभा राहिला. काय चाललंय ते त्याला कळलं नव्हतं, पण टोपी काढायची हे कळलं.

पंधरा दिवसांनी फिदेन्सिओनं आपल्या बहिणीला जोलिएटहून आणलं. निकोलासा त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलेलं. घरात तिला कोलासा म्हणत, आणि ह्याला चेंचो. ताठ बाई, पांढरे हातमोजे, हातात पर्स. मर्लच्या अंगणात चिखल बघून तिनं तोंड वाकडं केलं.

"चेंचो, तू मला कोंबड्या दाखवायला अडीच तास आणलंस?"

"आत ये, कोलासा. फक्त आत ये."

ती दारापर्यंत गेली. आत वाकून बघितलं. किती वेळ, मला सांगता येणार नाही. एका पांढऱ्या कोंबडीनं तिच्या बुटावर चोच मारली तरी ती हलली नाही. मग वळली.

"हा नव्हे."

"कसा नव्हे? खिडकी बघ. पत्रा बघ, बाबांनी ठोकलेला."

"पत्रा कुणीही ठोकतं. आपला रंग निळा होता."

"निळा? कोलासा, मी त्या भिंतीला नाक लावून झोपायचो!"

"तू आठ वर्षांचा होतास. मी पंधराची होते. निळा." मग तिचा आवाज चढला. "आणि असता आपला तरी काय करणार होतास? माझ्या मुलांना मी सांगितलंय की आम्ही घरात वाढलो. ती जागा विसरायला मला पन्नास वर्षं लागली आणि तू ती टेबलावर मांडून लोकांना दाखवणार?"

परतताना वाटेत एका जुन्या पुलाचे खांब लागले, गंजलेले, सुरेख. फिदेन्सिओनं गाडी थांबवली नाही.

त्या उन्हाळ्यात त्यानं वही बाहेर काढली नाही. मंडळात यायचा, कोपऱ्यात बसायचा. ऑर्विलसुद्धा म्हणाला, "अरे, माझं नवं इंजिन मळवून दे की जरा." हा हसला, पण ब्रश उचलला नाही. ओफेलिया मला दुकानात येऊन सांगून गेली, "घरात गंज आणू नकोस म्हणून मी चार वर्षं भांडले वेर्न. आता वाटतं, आणू दे. पोतंभर आणू दे."

शेवटी ऑगस्टमध्ये तो मुकाट्यानं कामाला लागला. त्यानं ती वस्तीच छोट्या मापात केली. बारा डबे, कपडे वाळत घातलेल्या दोऱ्या, पाण्याचा नळ, कोळशाचे ढीग, चरबीच्या डब्यांत लावलेली फुलझाडं. कुणाचं दार कलंडलेलं, कुणाच्या छतावर पत्रा. टोकाच्या डब्याला त्यानं मर्लच्या खुराड्याबरहुकूम खिडकी कापली. आत हिरवा रंग दिला. बाहेरून तो कुणाला दिसणारही नव्हता.

नोव्हेंबरात मंडळाचं प्रदर्शन असतं. गावातले लोक येतात, पोरं नाचतात. रविवारी दुपारी जिना चढून कोलासा आली. तिच्या मुलीनं आणलं होतं. फिदेन्सिओनं बोलावलं नव्हतं, ओफेलियानं परस्पर फोन केला होता.

ती त्या वस्तीसमोर आली आणि थांबली. मी खुर्ची दिली. टेबल तिच्या डोळ्यांच्या उंचीला आलं. तिची मुलगी म्हणाली, "किती छान केलंय, मामा! हे कुठलं?"

फिदेन्सिओनं बहिणीकडं बघितलं आणि म्हणाला, "असंच. जुन्या काळातलं."

कोलासानं हातमोजा काढला. बोटानं टोकाचा डबा दाखवला. "खिडकी अजून खाली हवी."

"मी मोजून केलीय," फिदेन्सिओ हळूच म्हणाला. "मर्लच्या डब्यावरून."

"मोजलीस, पण खालची फळी नंतरची आहे. बीटला जायच्या आदल्या वसंतात बाबांनी ठोकली. गार वारा यायचा म्हणून. आई असताना नव्हती." तिनं मुलीकडं वळून बघितलंही नाही. "आई खुर्चीवर बसायची नाही. जमिनीवर बसायची. तुझं डोकं तिच्या मांडीवर असायचं आणि पीठ तुझ्या केसांत पडायचं."

आमच्या मागं ऑर्विलची गाडी शिट्टी मारत गेली. फिदेन्सिओ टेबलाला धरून उभा होता.

"म्हणजे तो आपलाच होता," तो म्हणाला.

"आपलाच. दारातूनच ओळखला मी." ती त्या खिडकीकडंच बघत होती. "कोंबड्या होत्या रे तिथं, चेंचो. ती गेली तेव्हा जिथं तिला निजवलं होतं, तिथं कोंबड्या होत्या. मला हो म्हणवेना."

तिची मुलगी एकदा आईकडं, एकदा मामाकडं बघत होती. मग ती खाली बसली आणि आईच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "तुम्ही इथं राहायचात?" त्या दुपारी मंडळाची माडी रिकामी होईपर्यंत कोलासा बोलत होती. पन्नास वर्षांचं साठलेलं एका दमात थोडंच संपतं. फिदेन्सिओनं मध्येच एकदा विचारलं, "ती दिसायला कशी होती?" आणि कोलासा म्हणाली, "तुझे कान तिचे आहेत. भुवया आता तुझ्या म्हातारपणी तिच्यासारख्या दिसायला लागल्या. बाकी मलासुद्धा पुसट होत चाललंय रे." तो तेवढ्यावरही खूश दिसला. आरशासमोर जाऊन कान बघत बसला होता, असं ओफेलियानं नंतर सांगितलं.

निघताना कोलासानं त्याचा हात धरला. "एक करशील? मला एक करून दे. पण हे असं नको, गंजकं, उन्हानं खाल्लेलं. आपण राहायचो तेव्हाचं. तिनं रंगवलं त्या दिवशीचं."

तो हो म्हणाला, पण ते काम त्याला फार जड गेलं. आयुष्यभर त्यानं जे डोळ्यांनी बघितलं तेच केलं होतं. आता बघायला काही नव्हतं. मर्लनं खुराड्यातली एक फळी काढून दिली, चुन्याखालच्या हिरव्यासकट. पण तो हिरवा साठ वर्षांचा होता. ओला असताना कसा दिसत असेल?

"कोलासा, पडदा होता का?" दर रविवारी तो फोनवर विचारायचा. आता आम्ही डबे शोधायला जात नव्हतो. मी त्याच्या स्वयंपाकघरात कॉफी घेत बसायचो आणि त्याची बाजू ऐकायचो. "कशाचा? पिठाच्या पोत्याचा? त्यावर छापलेलं होतं का काही? बरं. मेरीआईची तसबीर कुठल्या भिंतीला? चुलीच्या डावीकडं की उजवीकडं?... अगं, मग मी कुठं झोपायचो?" कधी कधी तो नुसता ऐकत राहायचा, अर्धा तास. फोन ठेवला की रंगाच्या वाट्या पुढं ओढायचा, चमचाभर पांढरा घालायचा, वाळू द्यायचा, पुसून टाकायचा. त्या वर्षात त्यानं किती हिरवे केले ते मोजणं माझ्या हाताबाहेरचं होतं. मी एकदा म्हटलं, "हा चांगला आहे की." तर म्हणाला, "चांगला आहे. तिचा नाही."

ब्याण्णवच्या मार्चमध्ये, अंगणातला बर्फ फावड्यानं उपसताना, फिदेन्सिओचं हृदय थांबलं. पासष्ट वर्षांचा होता. त्याला पुरायला सारं यार्ड आलं होतं, आणि पाद्र्यानं त्याचं नाव नीट उच्चारलं.

आठवड्यानं ओफेलियानं मला तळघरात नेलं. टेबलावर तो डबा होता. आतलं सगळं झालेलं होतं. हिरव्या भिंती, खाली खिडकी, पिठाच्या पोत्याचा पडदा, दोन खाटा, चूल, तसबीर, आणि जमिनीवर पसरलेलं मळकं कापड, ज्यावर बसून ती लाटायची. माणूस मात्र एकही नव्हता. त्यानं आई केली नव्हती. बाहेरून डब्याला रंगाचा हातसुद्धा लागला नव्हता, नुसतं करडं अस्तर.

कोलासा ते न्यायला आली तेव्हा मी म्हणालो, "बाहेरून मी रंगवून देतो. तो कसं रंगवायचा ते मला येतं."

"तुम्ही नका," ती म्हणाली. मग मला वाईट वाटलं असावं असं समजून म्हणाली, "राग मानू नका, वेर्न. त्याचा हात जिथं थांबला तिथं थांबू दे."

तिची मुलगी आजारी होती म्हणून मीच तिला जोलिएटला सोडायला निघालो. डबा मागं ठेवू म्हटलं तर ती ऐकेना. मांडीवर घेतला. मेंडोटाच्या अलीकडं फाटक बंद होतं. लांबलचक मालगाडी चालली होती, सगळे पोलादी डबे, एकेकावर पोरांनी रंगवलेली अगडबंब अक्षरं. इंजिन पुढं निघून गेलं, डबे संपता संपेनात.

"ह्यात काय असेल?" तिनं विचारलं.

"मका असेल. मोटारींचे भाग असतील."

तिनं मान हलवली. मांडीवरच्या डब्याचं सरकतं दार तिनं बोटाच्या टोकानं थोडंसं उघडलं, आत बघितलं, आणि फाटक वर जाईपर्यंत बघत राहिली.